पुस्तकात असं नाहीये

दोन-पाच-सोळा, दोन-दहा-आठ. मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे सांगता येतील. परमँगनेट आणि ऑक्झॅलेट यांच्या अभिक्रियेचं समीकरण संतुलित केलं की येणारे हे सहगुणक. डावीकडे २ परमँगनेट, ५ ऑक्झॅलेट आणि १६ हायड्रोजन आयन. उजवीकडे २ मँगनीज आयन, १० कार्बन डायऑक्साइड, ८ पाणी. मी ते फोन नंबरासारखे पाठ केले होते, तीन-तीन आकड्यांच्या दोन तुकड्यांत, चालीवर. प्रश्न आला की नंबर लावायचा आणि गुण घ्यायचे. त्यातला पाच कुठून आला, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. फोन नंबरात पाच का आहे, असं कोण विचारतं?

चाचणी ४० गुणांची होती. धडे पाच: मोल संकल्पना, अणूची संरचना, रेडॉक्स (म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण), रासायनिक समतोल, आणि आम्ल-आम्लारी. हाताशी नऊ दिवस होते आणि मी निर्धास्त होते, कारण पाचही धडे माझे चार-चार वेळा वाचून झाले होते. वाचताना हातात पिवळा मार्कर असायचा. पहिल्या वाचनात व्याख्या रंगवल्या, दुसऱ्यात सूत्रं, तिसऱ्यात 'हे पण महत्त्वाचं दिसतंय' अशी वाक्यं. चौथ्या वाचनापर्यंत पुस्तकाची अशी अवस्था झाली होती की न रंगवलेलं वाक्यच उठून दिसायचं. पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटायचं. कुठली आकृती पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकत होते. आकृतीत काय आहे ते मात्र डोळे मिटून सांगता येतं का, हे कधी तपासलं नव्हतं.

त्याच आठवड्यात धाकट्याचा हात मोडला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, तेव्हा सहावीत. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. खेळायला जायचं नाही, लिहायचं नाही, पळायचं नाही. दोन दिवसांत त्याने घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी आईने फर्मान काढलं, "तुझा अभ्यास आहे ना, मग याला घेऊन बस. पुस्तक धर म्हणावं आणि तू म्हणून दाखव." मला ते अजिबात नको होतं. पण आईपुढे कुणाचं चालतं?

तर धाकटा पलंगावर मांडी घालून बसला. मांडीवर माझं पिवळं पुस्तक, डाव्या हातात पेन्सिल. नियम त्यानेच ठरवला: मी बोलायचं, त्याने पुस्तकात बघायचं, आणि मी चुकले की पेन्सिल प्लास्टरवर टकटक वाजवायची.

पहिला प्रश्न होता मोल म्हणजे काय. मी म्हटलं, "६.०२२ गुणिले १० चा २३वा घात, इतके कण म्हणजे एक मोल."

टकटक.

"काय चुकलं?"

"पुस्तकात असं नाहीये. पुस्तकात आहे, १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतात, तितके कण."

"अरे, ते तितकेच असतात. एकच आहे ते."

"मग पुस्तकात तुझ्यासारखं का नाही लिहिलं?"

मी चिडले. त्याला रसायनातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तो माझ्या व्याख्येवर फुली मारत होता. पण त्याला गप्प करायला 'एकच आहे' एवढं पुरेसं नव्हतं. कसं एकच आहे ते सांगावं लागणार होतं. मी सांगायला लागले. अणू इतके लहान की मोजता येत नाहीत, वजन मात्र करता येतं. म्हणून एक ठरावीक वजन धरायचं आणि म्हणायचं, यात जेवढे अणू असतील तेवढ्यांना एक मोल म्हणू. आकडा नंतर शोधला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या अ‍ॅव्होगाद्रोने १८११ मध्ये आपली कल्पना मांडली तेव्हा त्याला स्वतःला हा आकडा माहीत नव्हता. म्हणजे आधी वजन आणि मग आकडा. हे बोलता बोलता मलाच पहिल्यांदा जाणवलं की पुस्तकातली व्याख्या वजनापासून सुरू होते आणि माझी आकड्यापासून, आणि या दोन्हींत फरक आहे. धाकट्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि फुली कायम ठेवली.

त्या संध्याकाळी आणखी अकरा फुल्या पडल्या. त्यातल्या सात-आठ निव्वळ शब्दांच्या होत्या. 'तापमान वाढवल्यास' ऐवजी 'तापमान वाढलं की' म्हटलं, फुली. त्या मी भांडून खोडायला लावल्या. पण तीन-चार ठिकाणी मला भांडताच येईना. पुस्तकाच्या शब्दांबाहेर माझ्याकडे बोलायला काही नव्हतंच. एक शब्द निसटला की सगळं वाक्य कोसळायचं. ते धडे मला येत नव्हते, हे एका सहावीतल्या मुलासमोर उघडं पडलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन-पाच-सोळाची पाळी आली. मी चालीवर म्हणून दाखवलं. एकही टकटक नाही. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "हा पाच कुठून आला?"

"समीकरण संतुलित करायला लागतो."

"पण पाचच का? चार का नाही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग वही घेतली आणि एरवी कधी केलं नसतं ते केलं: नंबर विसरून कोऱ्या पानावर सुरुवात. परमँगनेटमध्ये मँगनीजचा ऑक्सिडीकरणांक, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावलेले धरायचे तो आकडा, +७ असतो, अभिक्रियेनंतर +२ होतो. म्हणजे प्रत्येक मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेतो. ऑक्झॅलेटमध्ये कार्बन +३ असतो, कार्बन डायऑक्साइडमध्ये +४. प्रत्येक कार्बन एक इलेक्ट्रॉन देतो, आणि एका ऑक्झॅलेटमध्ये कार्बन दोन, म्हणून एक ऑक्झॅलेट दोन इलेक्ट्रॉन देतो. घेणारा पाच-पाच घेतो, देणारा दोन-दोन देतो. हिशोब जुळायला दोन घेणारे आणि पाच देणारे हवेत. दहा दिले, दहा घेतले.

हे मला शाळेत शिकवलेलं होतं. मीच एका पानावर ते पिवळं केलेलं होतं. पण फळ्यावरचं ते गणित आणि माझा फोन नंबर ही एकच गोष्ट आहे, हा धागा माझ्या डोक्यात जोडलाच गेला नव्हता. पाच मिळाल्यावर बाकीचे आकडे आपोआप पडत गेले. पाच ऑक्झॅलेटचे दहा कार्बन, म्हणून दहा कार्बन डायऑक्साइड. दोन परमँगनेटचे आठ ऑक्सिजन, म्हणून आठ पाणी. आठ पाण्यांना सोळा हायड्रोजन. त्या दिवसानंतर मी तो नंबर पाठ करणं सोडून दिलं, आणि गंमत म्हणजे म्हणूनच तो कायमचा पाठ राहिला.

जाता जाता एक तक्रार रेडॉक्समधल्या 'क्षपण' (रिडक्शन) या शब्दाबद्दल. क्षपण म्हटलं की मनात काहीतरी झिजतं, कमी होतं. आणि प्रत्यक्षात ज्याचं क्षपण होतं त्याला इलेक्ट्रॉन मिळतात! वर ज्याचं क्षपण होतं त्यालाच ऑक्सिडीकारक, म्हणजे समोरच्याचं ऑक्सिडीकरण करणारा, म्हणायचं. या दोन शब्दांनी माझे किती गुण खाल्ले असतील याची गणती नाही. शेवटी मी स्वतःपुरती एक खूण ठरवली: क्षपणात क्षय होतो तो ऑक्सिडीकरणांकाचा. सातावरून दोनावर. मग शब्द मनात बसला.

अणूच्या संरचनेवर आम्ही फार वेळ घालवला नाही. तिथे एकच खटका उडाला. क्रोमियमच्या इलेक्ट्रॉन संरूपणात, म्हणजे कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन या मांडणीत, नेहमीचा क्रम मोडतो: ३डी मध्ये चार आणि ४एस मध्ये दोन असायला हवेत, त्याऐवजी पाच आणि एक असतात. मी पुस्तकातलं कारण सांगितलं, अर्धी भरलेली उपकवचं जास्त स्थिर असतात. "मग सगळे असंच का नाही करत?" असं त्याने विचारलं, आणि मी "अपवाद आहे तो" म्हणून पुढे सरकले. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की आवर्तसारणीत क्रोमियमच्याच उभ्या स्तंभात खाली असलेलं टंगस्टन चार आणि दोनच ठेवतं. अर्ध्या भरलेल्या उपकवचाचं कारण तिथे चालत नाही. म्हणजे त्या पोराची शंका रास्त होती आणि माझ्याकडचं उत्तर अपुरं. काही गोष्टी त्या वयात नुसत्या पाठच कराव्या लागतात, हे मला मान्य आहे. फक्त आपण पाठ करतोय हे आपल्याला माहीत असावं. माझी अडचण ही होती की पाठ केलेलं आणि समजलेलं, दोन्ही एकाच पिवळ्या रंगात रंगलेलं होतं.

खरी लढाई झाली ती समतोलावर.

समतोल हा माझा आवडता धडा. ल शातलिएचं तत्त्व तर मला इतकं सोपं वाटायचं की शेवटच्या दोन वाचनांत त्यावरून मी नुसती नजर फिरवली होती. समतोलात असलेल्या, म्हणजे दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने चाललेल्या अभिक्रियेवर बाहेरून बदल लादला, की ती त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेला सरकते. उदाहरण अमोनियाचं. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन मिळून अमोनियाचे दोन. मी धाकट्याला सुनावलं, "दाब वाढवला की समतोल उजवीकडे सरकतो."

टकटक.

"आता काय?"

"पुस्तकात उजवीकडे असं नाहीये. 'ज्या बाजूला वायूचे मोल कमी आहेत त्या बाजूला' असं आहे."

"अरे, तीच उजवी बाजू! इकडे चार आहेत, तिकडे दोन."

"मग पुस्तकात सरळ उजवी का नाही लिहिली? छोटं झालं असतं."

मी त्याला पटवायला दुसरं उदाहरण घेतलं. धड्याच्या शेवटी होतंच: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा एक रेणू फुटून नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन होतात. मी बोटाने डावी बाजू दाखवली, उजवी दाखवली, आणि थांबले. इथे डावीकडे एक आहे आणि उजवीकडे दोन. दाब वाढवला तर समतोल डावीकडे जाणार. आणि त्याखाली हायड्रोजन आणि आयोडीनचं उदाहरण: इकडे दोन, तिकडेही दोन. तिथे दाब वाढवून काहीच होणार नाही.

मला तत्त्व येत नव्हतं, अमोनिया येत होता.

धाकट्याला हे सांगितलं नाही. मोठ्या बहिणीला काही इभ्रत असते. पण तो गप्प बसणारा नव्हता. "दाब वाढवायचा म्हणजे करायचं काय?" मी म्हटलं, भांड्याची जागा कमी करायची, किंवा आणखी वायू भरायचा. "कुठलाही वायू?" "हो, कुठलाही." हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्याने पुस्तकात बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना विचारलं, तेव्हा कळलं की तेही चूक. भांड्याचं आकारमान तेवढंच ठेवून त्यात आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू भरला तर एकूण दाब वाढतो, पण समतोल जागचा हलत नाही. अभिक्रियेत भाग घेणाऱ्या वायूंची संहती, म्हणजे तेवढ्या जागेतलं त्यांचं प्रमाण, तीच राहते, आर्गॉन नुसता मध्ये उभा असतो. सरांनी मग तोंड बंद केलेली एक सिरिंज दाखवली. आत नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी वायू, आणि त्यात मिसळलेला टेट्रॉक्साइड, ज्याला रंगच नसतो. दट्ट्या दाबला की रंग आधी गडद होतो, कारण तेवढाच वायू कमी जागेत कोंबला जातो. आणि मग, तुम्ही बघत असताना, तो जरासा फिका पडतो. तपकिरी रेणू दोन-दोन मिळून बिनरंगी होत असतात. 'डावीकडे सरकतो' म्हणतात ते हे. मी इतके दिवस बाणाच्या दोन बाजू बघत होते. बाणाच्या जागी काय घडतं ते त्या दिवशी दिसलं.

सरांनी तेव्हाच ल शातलिएचा एक किस्सा सांगितला. ज्याने हे तत्त्व मांडलं त्याने स्वतः १९०१ मध्ये जास्त दाब देऊन अमोनिया बनवून पाहिला होता. उपकरणात हवा राहून गेली, स्फोट झाला आणि त्याने तो नाद सोडला. पुढे १९०९ मध्ये हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत ते करून दाखवलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. हे मी त्या संध्याकाळी धाकट्याला सांगितलं. त्याला स्फोट फार आवडला. कुठल्या पानावर आहे म्हणून त्याने पुस्तक शोधलं, सापडला नाही, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू स्फोट मीच रचून सांगितला.

मग मोलची गणितं. एक गणित असं होतं: १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून किती ग्रॅम पाणी होईल? मी पहिल्या फटक्यात २० लिहिलं होतं, आधीच्या सराव परीक्षेत. दहा आणि दहा वीस. द्रव्य अविनाशी असतं, मग चुकलं कुठे? या वेळी सावकाश केलं. १० ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ५ मोल. १० ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे फक्त ०.३१२५ मोल, कारण त्याचा रेणू सोळापट जड. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात, म्हणजे ऑक्सिजन ०.६२५ मोल हायड्रोजन घेऊन संपून जातो. पाणी ११.२५ ग्रॅम. उरलेला ८.७५ ग्रॅम हायड्रोजन जोडीदाराविना तसाच. बेरीज वीसच; द्रव्य कुठे गेलं नाही, फक्त सगळ्याचं पाणी झालं नाही. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, हा शब्द मला व्याख्येसकट येत होता. तो या गणितात कामाला लावायचा असतो, हे माहीत नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पुस्तक वाचणं बंद केलंय. वाचत होता तो धाकटा. मी बोलत होते, लिहीत होते, अडत होते, आणि अडले की नेमकी तेवढीच ओळ बघत होते. फार थकवणारा प्रकार होता. चार वेळा वाचताना कसं सुखाचं वाटायचं! पुढे कधीतरी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वाचनात आला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कुणाला वाटत होती? वाचणाऱ्यांना. हे वाचून मला माझं पिवळं पुस्तक आठवलं आणि जरा लाजही वाटली.

चाचणीचं फार सांगण्यासारखं नाही. समतोलावर चुनखडीचा प्रश्न होता: बंद भांड्यात कॅल्शियम कार्बोनेट तापून कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होतो, तर दाब वाढवल्यास काय? स्थायूंना मोजायचं नाही, वायू फक्त उजवीकडे, म्हणून डावीकडे. 'ज्या बाजूला वायूचे मोल कमी आहेत त्या बाजूला' हे मी पुस्तकाच्या शब्दांत लिहिलं, कारण आता मला त्यातला प्रत्येक शब्द का आहे ते ठाऊक होतं.

गुण ३१ पडले. गेले त्यातले सर्वांत लाजिरवाणे गुण टायट्रेशनच्या गणितात गेले. ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइडचं २५ मिलिलिटर द्रावण, त्यात किती मोल? मी २५ ला ०.१ ने गुणलं आणि २.५ मोल लिहून मोकळी झाले. मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले. सरांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं: "२५ मिलिलिटरमध्ये १०० ग्रॅम?" मला आधी कळेना. मग गुणाकार केला. सोडियम हायड्रॉक्साइडचा एक मोल ४० ग्रॅम, अडीच मोल १०० ग्रॅम. दोन-तीन घोट पाण्यात मी शंभर ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला होता आणि मला काही वावगं वाटलं नव्हतं.

पेपर घरी आणल्यावर धाकट्याने तो ताब्यात घेतला. तोवर त्याचं प्लास्टर निघालं होतं, त्यामुळे टकटक नव्हती. पुस्तक शेजारी उघडून त्याने एकेक उत्तर ताडून पाहिलं. मोलच्या व्याख्येला सरांनी पूर्ण गुण दिले होते. मी माझ्याच शब्दांत लिहिली होती, आकड्यापासून सुरू करून. त्याने ती दोनदा वाचली. "सरांनी नीट बघितलं नाही वाटतं," एवढंच म्हणाला.

२०१९ साली, २० मे या दिवसापासून, मोलची व्याख्या जगभर बदलली. १२ ग्रॅम कार्बन गेला. आता मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात, बरोबर इतके कण. ही बातमी वाचली तेव्हा धाकटा नोकरीनिमित्त दूर राहत होता. मी त्याला तिथल्या तिथे मेसेज केला. बातमी, आकडा, आणि खाली लिहिलं, "ती फुली खोड."

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं.

"तेव्हाच्या पुस्तकात असं नव्हतं."